गवत्या आणि काळी साय

मालूताई, तुमच्या नावाने झाडं लावली. सांगायला जीभ रेटत नाही, पण मी नाही सांगितलं तर दुसरं कोण सांगणार. सोसायटीच्या मागच्या उतारावर लावली. जिथे तुम्ही मला तुमची काळी साय दाखवलीत आणि मी तुम्हाला माझा गवत्या दाखवला, तिथेच. ओळीने खड्डे, खड्ड्यात रोप, रोपाला बांबूची काठी, आणि वरच्या अंगाला सिमेंटचा चौथरा. चौथऱ्यावर पाटी आहे, ‘मालतीताई स्मृतिवन’. खाली बारीक अक्षरांत, ‘वृक्षप्रेमी प्राध्यापिकेस सोसायटीची आदरांजली’. वृक्षप्रेमी. हे वाचून तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे, आणि ते छापण्यासारखं नाही.

तुम्ही जाऊन तीन महिने होत आले. तुमचं शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे सगळं पेपरातल्या चौकटीत आलं, फोटोही बरा होता. ते मी पुन्हा लिहीत नाही. देहदान केलंत, त्यामुळे दहाव्याला घाटावर बसून कावळ्याची वाट बघायचीही सोय ठेवली नाहीत. ‘पक्षी बघायचे ते माझ्या जिवंतपणी बघून घे, मी मेल्यावर कावळ्यांना कामाला लावू नकोस,’ असं तुम्हीच सांगून ठेवलं होतं. मग आता बोलायचं कुठे? निसर्गवाल्यांच्या एका छोट्या मासिकाने ‘नणंदेबद्दल चार ओळी द्या’ म्हणून विचारलं, तर म्हटलं इथेच बोलावं. वाचणाऱ्यांना एवढं कळलं तरी पुरे की मी शैला, तुमच्या धाकट्या भावाची बायको. तुम्ही खालच्या मजल्यावर एकट्या, आम्ही दोघं वरच्या मजल्यावर. तुम्हाला नीलहरित जिवाणूंचं वेड, मला पक्ष्यांचं. या दोन वेडांवरून आपलं जे भांडण लागलं ते इतकी वर्षं चाललं, आणि ते अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

मी सुरुवातीला ‘शेवाळ’ म्हणायची आणि तुम्ही चिडायचात. “शेवाळ ही कालची पोर आहे, शैला. ही तिच्या किती आधीची. जिवाणू आहेत हे.” मग उतारावरच्या काळ्या दगडापाशी मला उकिडवं बसवलंत, गळ्यातलं भिंग माझ्या डोळ्याला लावलंत आणि नखाने दगडावरचा थर उचललात. तापवून गार केलेल्या दुधावरची साय उचलावी तसा तो अख्खा उचलून आला, वरून काळा आणि आतून हिरवागार. त्यात केसाहून बारीक धागे एकमेकांत गुंतलेले होते आणि त्या गुंत्यात मातीचे कण अडकलेले. “हिने धरून ठेवलंय म्हणून इथे माती आहे. माती आहे म्हणून गवत. गवत आहे म्हणून तुझा तो पक्षी,” असं म्हणालात. मी म्हटलं, “आणि पक्षी आहे म्हणून मी इथे आले, नाहीतर तुमच्या सायीला कुत्रं विचारत नव्हतं.” तुम्ही हसलात. भांडण तिथून सुरू झालं.

सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सावध केलं होतं. कसब्यातल्या तुमच्या बिऱ्हाडात मोरीच्या कोपऱ्यात असाच काळा थर धरायचा, आणि तुम्ही शाळकरी असताना तो चमच्याने खरवडून काडेपेटीत भरून ठेवलात, चमचा मात्र धुऊन परत डब्यात. ‘मालू हुशार आहे, पण तिच्या हातचं खाताना आधी बघून घे,’ असं त्या म्हणाल्या. मी आयुष्यभर तुमच्याकडे चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी आत डोकावले. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्ही मुद्दाम पांढरेच कप ठेवायचात.

आता माझ्या गवत्याबद्दल. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, आपण दोघी गवत्याच म्हणायचो. दिसायला काही नाही. मातकट रंग, चिमणीच्या चणीचा, शेपूट तेवढी रुंद. सह्याद्री सोडला तर जगात कुठे नाही आणि सह्याद्रीतही आता कमी कमी होत चाललाय, कारण त्याला झाडं नकोत, इमारती नकोत, उंच गवताचा उघडा उतार हवा. बाकीचं वर्ष तो गवतात तोंड लपवून असतो, समोरून गेला तरी कळत नाही. पावसाळ्यात मात्र नर गवतातून सरळ वर उठतो, पंख फडफडवत हवेतच गातो आणि एकदम खाली गवतात पडतो. दगड पडावा तसा. पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा तुम्ही म्हणालात, “एवढंच?” मला इतका राग आला की मी तुम्हाला तिथेच सोडून खाली उतरले. घरी येऊन बघते तर तुम्ही अजून वरच. अंधार पडायला लागल्यावर आलात आणि दारातून सांगितलंत, “चार-पाचदा उठला. शेवटच्या वेळी बरं गायला.” तुमच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळालेलं मला तरी आठवत नाही.

पण कबूल कधी केलं नाहीत. तुमचं म्हणणं असायचं की आम्ही पक्षीवाले गळ्यावर भाळतो. “तो गातो म्हणून तुझा जीव त्याच्यासाठी तुटतो. माझी गप्प असते, म्हणून तिच्यावर ॲसिड ओततात.” ॲसिडचं खरं होतं. दरवर्षी पावसाळा संपला की सोसायटीची गच्ची घासायला माणसं यायची आणि दरवर्षी तुम्ही जिन्यात आडव्या उभ्या राहायचात. एका वर्षी लिफ्टशेजारी पाटीच लावलीत. ‘गच्चीवरील काळा थर हा कचरा नसून येथील सर्वांत जुना रहिवासी आहे. घसरून पडणाऱ्यांनी आधी आपल्या चपला तपासाव्यात.’ अध्यक्ष आपट्यांनी पाटी काढली, तुम्ही परत लावलीत. पाठीमागे लोक तुम्हाला ‘शेवाळवाल्या बाई’ म्हणायचे. तुम्हाला वाईट वाटलं ते नुसतं ‘शेवाळ’ या शब्दाचं.

मी म्हणायची, दुर्मिळ ते आधी वाचवायचं. तुमची साय गच्चीवर आहे, मोरीत आहे, गटाराच्या काठावर आहे. तिला काय धाड भरलीय? गवत्या एकदा गेला की गेला. तुम्ही म्हणायचात, “दुर्मिळ आहे म्हणून मोठं, हे कुणी ठरवलं? सराफाने?” मी म्हणायची, मोठं नाही, नाजूक. तुम्ही म्हणायचात, नाजूकपणाचं इतकं कौतुक बायकांनी तरी करू नये. मग यांनी वरून हाक मारेपर्यंत आपलं चालायचं. यांना आपल्या भांडणातलं काही कळायचं नाही. दोघींचं पटतंय एवढंच बघून ते खूश असायचे.

नदीचं आठवतं का? नदीपात्रातल्या रस्त्याने रिक्षातून येत होतो आणि तुम्ही मध्येच थांबवायला लावलीत. पाण्याला वास मारत होता, फेस तरंगत होता, आणि काठाच्या चिखलावर तुमच्या सायीची कुणी चुलत बहीण पसरलेली होती, काळीशार, चकचकीत. तुम्ही नाकाला पदर न लावता खाली बसलात. चेहरा असा फुललेला की माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “इथे मासा जगत नाही, बेडूक जगत नाही आणि या बाई बहरल्यात. मेलेल्या नदीवर पोसणाऱ्याचं कसलं कौतुक करता?” तुम्ही उठलात, रिक्षात बसलात आणि कात्रज येईपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, आज जिंकले. संध्याकाळी वर आलात, दारातच उभ्या राहिलात.

“तिने नदी मारली नाही, शैला. नदी मेली तरी ती सोडून गेली नाही, एवढाच तिचा गुन्हा. तुझा पक्षी असता तर पहिला उडून गेला असता.”

“उडून जात नाही तो. मरतो.”

“तेच म्हणतेय मी,” असं म्हणालात आणि खाली निघून गेलात.

त्या ‘तेच म्हणतेय’चा अर्थ मी कितीदा लावला. तुम्ही माझी बाजू घेतलीत की मला खोटं पाडलंत, ते आजही मला ठरवता येत नाही. विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तुम्ही धड उत्तर दिलं नसतंत, हेही खरं.

मग तुमची फुप्फुसं कडक व्हायला लागली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, उपाय सांगितला नाही. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, त्याची घरघर दिवसभर चालायची, आणि नाकात नळी लावून तुम्ही खिडकीशी बसायला लागलात. कधीकाळी पृथ्वीवर ऑक्सिजन नव्हता आणि तुमच्या सायीच्या पूर्वजांनी तो पहिल्यांदा हवेत सोडला, हे तुम्ही मला शंभरदा ऐकवलं होतं. त्यावर मी एकदा विचारलं होतं, आधी जे जगत होते त्यांचं काय झालं? “ते मेले. त्यांना तो विषारी होता.” मी म्हटलं, म्हणजे तुमच्या बायका खुनी. “आहेतच,” तुम्ही म्हणालात, “मी कधी म्हटलं साध्याभोळ्या आहेत म्हणून?” आता नळीकडे बोट दाखवून तुम्ही म्हणायला लागलात, “जन्मभर त्यांची नोकरी केली, आता पेन्शन देतायत.” मी हसायची. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहायची आणि मग बाहेर यायची.

शेवटचे दोन पावसाळे तुम्हाला उतार चढवला नाही. मी सकाळी एकटी जायची. गवत्या उठला की तुम्हाला फोन लावायची आणि फोन हातात उंच धरून उभी राहायची, पलीकडून मशीनची घरघर आणि अलीकडे त्याचं गाणं. उतरताना स्टीलच्या डबीत सायीचा एक तुकडा घेऊन यायची. दार उघडलं की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं, “आधी तिचं सांग.” पाऊस उघडला की तो तुकडा बशीत वाळून काळी पापडी होऊन पडायचा. कुणीही कचऱ्यात टाकला असता. तुम्ही त्यावर दोन चमचे पाणी सोडायचात आणि मला चहा टाकायला पाठवायचात. चहा उकळून येईपर्यंत पापडी फुगलेली असायची, कडेने हिरवी झालेली. “उठली,” असं तुम्ही म्हणायचात. दर वेळी म्हणायचात, आणि दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखं. तुमच्या घरात त्या दिवसांत बरं होणारं दुसरं काही नव्हतं. मला ती बशी तुमच्याइतकीच लागायला लागली होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

एक आणखी सांगायचं राहिलं. तुमच्या आधी मी मान वर करून चालायची. पायाखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि माझा पक्षी त्याच्यावरच उभा होता. तुम्ही माझी मान खाली वाकवलीत. भावजयीची मान खाली घालायला लावणाऱ्या नणंदा पुष्कळ असतात, पण त्यासाठी भिंग घेऊन येणाऱ्या तुम्ही एकट्याच. उपकार आहेत तुमचे.

हॉस्पिटलातला तो दिवस. त्याच आठवड्यात पलीकडची टेकडी पोखरायला सुरुवात झाली होती आणि आता आपला एकच उतार उरला, या रागात मी होते. तुमच्यासमोर सांगायला नको होतं, पण तुमच्याशिवाय सांगणार कुणाला? मी म्हटलं, “यंदा गवत्या आला नाही ना, तर मी त्या उतारावर पुन्हा पाय ठेवणार नाही.” तुम्ही तोंडावरचा मास्क दोन बोटांनी बाजूला केलात. मला वाटलं, आता तरी काहीतरी आपुलकीचं बोलाल. तुम्ही म्हणालात, “मग तिच्याकडे कोण बघणार?”

मी म्हटलं, “बघेल कुणीतरी.” तेवढ्यात नर्स आली, मास्क नीट बसवला आणि मला बाहेर पाठवलं. तुमचं-माझं बोलणं तेवढंच झालं. त्यानंतर तुम्ही होतात दोन दिवस, पण बोलण्यासारख्या नव्हतात.

तुम्ही गेल्यावर हे कोसळले. तुमचा बाळू कधी रडत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते तुमच्या फ्लॅटमध्ये जाऊन साफसफाई करत बसायचे. कपाटं पुसली, भांडी घासली, आणि खिडकीतली बशी ‘काळं काहीतरी चिकटलं होतं’ म्हणून घासून लख्ख करून पालथी घातली. मला हे नंतर कळलं. बोलून काय होणार होतं? उतारावर हवी तेवढी साय होती, पाऊस आला की नवा तुकडा आणला असता. तसं मी मनाशी ठरवलंही होतं.

आणि मग सोसायटीची मीटिंग झाली. मागचा उतार बिल्डरने नकाशात मोकळी जागा म्हणून दाखवलेला, म्हणजे सोसायटीचाच. आपटे म्हणाले, मालतीताईंच्या स्मरणार्थ तिथे वन करू. तिसऱ्या मजल्यावरचा आयटीवाला रोहन उत्साहाने उभा राहिला. “आमच्या कंपनीचा ग्रीन ड्राइव्ह आहे. रोपं, खड्डे, बोर्ड, सगळं स्पॉन्सर होईल. मालूआजींना परफेक्ट ट्रिब्यूट होईल ना?” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाचाही हेतू वाईट नव्हता, मालूताई. वाईट हेतूच्या माणसाशी मला भांडता येतं.

मी उठले. शांतपणे सांगायचं ठरवून उठले होते. सांगितलं की तिथे गवत्या विणीला येतो, झाडं वाढली की तो येणार नाही, गवताळ उतार ही रिकामी जागा नसते. रोहन म्हणाला, “काकू, बर्ड आहे ना तो, बाजूच्या हिलवर शिफ्ट होईल.” बाजूच्या हिलवर पोकलेन चाललाय, म्हटलं. “मग अजून पुढे.” मग मी तुमची बाजू काढली. खड्डे खणले की दगडावरचा थर फुटेल, त्यानेच माती धरलीय, त्याच्यावरच ताईंचं आयुष्य गेलं. आपट्यांनी चष्मा काढला. “शैलाताई, आपण काय बोलताय? वनस्पतिशास्त्राच्या बाईंच्या नावाने झाडं लावायची नाहीत, आणि शेवाळ जपायचं?” लोक हसले. पाटीचा सूड त्यांनी असा घेतला, का खरंच कळलं नाही, कोण जाणे. मी म्हटलं, शेवाळ नाही ते. त्यावर आणखी हसले.

त्या हसण्यात हे उभे राहिले. म्हणाले, “ताईने मला वाढवलं. तिच्या नावाने एक झाडसुद्धा लावू नये का मी?” मग हात वर करायला सांगितलं तेव्हा पहिला हात तुमच्या बाळूचा होता.

घरी आल्यावर आम्ही जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. एवढं लिहिते, की ते म्हणाले, “ती होती तेव्हा तिच्याशी भांडत होतीस. आता ती गेल्यावरही भांडतेयस.” मी म्हटलं, “हो.” त्यांना ते उर्मट वाटलं. तुम्हाला वाटलं नसतं.

खणायला यंत्र आलं त्या सकाळी मी वर जाऊन उभी राहिले. चालवणारा वाकून म्हणाला, “मावशी, बाजूला व्हा, दगड उडतोय. सांगितलंय तेवढं खणायचं हाय मला.” त्याच्याशी काय भांडणार? रोपं गुदमरू नयेत आणि साप येऊ नयेत म्हणून गवतही सपाट केलं. कडुनिंब, करंज, आणि भरीला गुलमोहर. साय दगडासकट उलटी होऊन पडली, हिरवी बाजू वर. रोपं लावली त्या दिवशी कार्यक्रम झाला, माझ्या हातातही एक रोप दिलं, फोटो निघाला. मी ते लावलं. रोपाने काय बिघडवलं होतं माझं?

आषाढभर मी रोज सकाळी गेले. बुलबुल ओरडले, टिटवी ओरडली, प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने मोर ओरडत राहिले. तुमच्या दगडापाशी फोन हातात घेऊन उभी राहायची, लावायला कुणी नसताना. गवत्या उठला नाही. झाडांमुळेच गेला असं मला सिद्ध करता येणार नाही. एखाद्या वर्षी येतही नसेल, पलीकडच्या खोदकामाने बिचकला असेल. ‘पुरावा काय?’ हे तुम्ही पहिलं विचारलं असतंत. पुरावा नाही, मालूताई. पण सगळा आषाढ त्याच्या गाण्याविना गेला आणि माझा धीर सुटला. पाय ठेवणार नाही म्हणाले होते, तसं श्रावण लागल्यावर मी जायचं बंद केलं.

गेल्या रविवारी हे ब्रश, बादली आणि साबणाची पूड घेऊन निघाले. आपट्यांनी निरोप पाठवला होता की स्मृतिवनाचा चौथरा काळा पडलाय, कुणीतरी घसरेल. यांना वाटलं, ताईचं काम आहे, आपणच करावं. भुरभुर पाऊस होता आणि यांचा गुडघा तुम्हाला माहीतच आहे, म्हणून मी छत्री घेऊन मागे गेले.

चौथऱ्यावर तुम्ही होतात. म्हणजे ती होती. नव्या कोऱ्या सिमेंटवर, पाटीच्या पायथ्यापासून पसरत ‘वृक्षप्रेमी’च्या अक्षरांपर्यंत चढलेली. खड्ड्यांतून उपसलेल्या मातीच्या ढिगांवरही धरली होती. इतकं उलटंपालटं करून एक पावसाळा झाला नाही तोच. तुम्ही जिंकलात. तुमचा नियम बरोबर ठरला, की पक्षी जातो आणि ही राहते. तुम्ही हरला असतात तर मी किती आनंदाने तुम्हाला चिडवलं असतं.

यांनी ब्रश टेकवला आणि मी त्यांचा हात धरला.

“राहू द्या, अहो. ती ताईंची आहे.”

“काय ताईंचं?”

तुमचं भिंग आता माझ्या गळ्यात असतं. मी ते काढून यांच्या हातात दिलं, नखाने एक कोपरा उचलला आणि कसं बघायचं ते सांगितलं. यांना वाकवेना, तर ओल्या चौथऱ्यावर बसले तसेच. बराच वेळ डोळा काढला नाही. इतकी वर्षं आपलं भांडण चाललं आणि त्यातलं काहीही या माणसाने कधी बघितलं नव्हतं.

“हिरवे धागे आहेत गं आत,” म्हणाले. “ताई हे बघत बसायची?”

“हेच.”

“आणि मी ती बशी घासली.”

त्यांनी ब्रश बादलीत ठेवला, भिंग शर्टाला पुसून परत दिलं, आणि समोर बघत राहिले. मग अगदी सहज, बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारावं तसं विचारलं, “तुझा तो पक्षी कुठे असतो?”

“इथेच असायचा,” मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली आणि खालपासून वरपर्यंत ती सगळी रोपं बघितली, प्रत्येक काठी, प्रत्येक खड्डा. पाऊस वाढला तरी उठले नाहीत, आणि मीही त्यांना उठवलं नाही.

परवा ते मला न सांगता एकटेच वर गेले. काल मी गेले तेव्हा बरोबर आले. उद्याही जाऊ. तिच्याकडे कोण बघणार, असं विचारलं होतंत ना? आम्ही दोघं बघतो, मालूताई. ऐकायला मात्र काही नाही.